दिल्ली कॉलेज आणि विद्येचा पहिला पाठ

जुन्या दिल्लीच्या तटाचा अजमेरी दरवाजा आजही उभा आहे. त्याच्या बाहेर, नवी दिल्ली रेल्वे स्टेशनच्या कोलाहलापासून हाकेच्या अंतरावर, तांबड्या दगडाची एक जुनी वास्तू आहे. मधोमध प्रशस्त चौक, चौकाच्या बाजूंना दुमजली कमानींच्या खोल्या, पश्चिमेला मशीद आणि मशिदीच्या दक्षिणेस दगडी जाळीआड ही वास्तू बांधणाऱ्या सरदाराची कबर. या खोल्यांत आज शाळा भरते. रस्त्याने जाणाऱ्याला ती दिल्लीतील अनेक जुन्या इमारतींपैकी एक वाटावी, यात नवल नाही. परंतु उत्तर हिंदुस्थानात पाश्चात्त्य इतिहास, नीतिशास्त्र, अर्थशास्त्र आणि गणित हे विषय प्रथम एका देशी भाषेतून पद्धतशीर शिकवले गेले, ते येथे स्थापन झालेल्या दिल्ली कॉलेजात.

दिल्ली विद्यापीठाच्या महाविद्यालयांत दरवर्षी हजारो विद्यार्थी कलाशाखेच्या पहिल्या वर्गात प्रवेश करतात. इतिहास, तत्त्वज्ञान, साहित्य, राज्यशास्त्र असे विषय त्यांच्यापुढे येतात. वैद्यकीच्या वा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला आपण काय शिकत आहोत हे सांगता येते. कलाशाखेच्या विद्यार्थ्याला मात्र, हे शिकून काय करणार, हा प्रश्न घरातील वडीलधारी माणसे पहिल्याच दिवशी विचारतात. त्या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलेला असतो, तो सहसा कोणी विचारत नाही. माणसाने माणसाविषयी जे ज्ञान मिळवले, त्याची पहिली ओळख विद्यार्थ्याला कोणत्या भाषेत व्हावी, आणि तो घरून जी विद्या, जी समजूत, जे संस्कार घेऊन येतो, त्यांचे त्या वर्गात काय व्हावे? हा प्रश्न दिल्लीने दोनशे वर्षांपूर्वी प्रत्यक्ष हाताळला होता. त्या प्रयोगाची हकीकत थोडी अभिमानाची आहे आणि थोडी दुःखाची.

अजमेरी दरवाज्याबाहेरचा मदरसा औरंगजेबाच्या काळात गाझीउद्दीन खान फिरोजजंग या सरदाराने बांधला. महाराष्ट्राला हे घराणे अपरिचित नाही. त्याचा मुलगा पुढे निजामुल्मुल्क आसफजाह या नावाने दक्षिणेत आला, हैदराबादच्या गादीचा संस्थापक झाला, आणि १७२८ साली पालखेडच्या मोहिमेत थोरल्या बाजीरावाने त्यालाच कोंडीत पकडले. पुढे दिल्लीचे वैभव ओसरले, तसे मदरशातले विद्यार्थीही रोडावले. अठराव्या शतकाच्या अखेरीस बादशहा शहा आलम महादजी शिंद्यांच्या संरक्षणाखाली होता. ११ सप्टेंबर १८०३ रोजी यमुनेपलीकडे पटपडगंजच्या लढाईत शिंद्यांच्या फौजेचा पराभव झाला आणि दिल्ली ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेली. बादशहा लाल किल्ल्यात राहिला, सत्ता मात्र रेसिडेंटच्या कचेरीत गेली. विद्येचा आश्रयदाता कोण, हा प्रश्न त्यानंतर दिल्लीतील पंडित-मौलवींपुढे उभा राहिला.

त्याचे उत्तर लंडनच्या पार्लमेंटाने १८१३ साली, काहीसे अनिच्छेनेच, देऊन ठेवले होते. त्या वर्षीच्या सनदेत हिंदुस्थानातील विद्येसाठी दरसाल किमान एक लाख रुपये खर्च करावेत, असे एक कलम होते. त्या कलमात दोन हेतू शेजारीशेजारी मांडलेले होते: एक, येथील साहित्याचे पुनरुज्जीवन आणि विद्वानांना उत्तेजन, दुसरा, शास्त्रीय ज्ञानाचा प्रसार. कलम लिहिणाऱ्यांना बहुधा या दोहोंत विरोध दिसला नसावा. पुढच्या पिढीने मात्र त्यातल्या एकाची बाजू घेऊन दुसऱ्याशी भांडण मांडले. या रकमेच्या आधारावर १८२५ साली गाझीउद्दीनच्या जुन्या मदरशात दिल्ली कॉलेज सुरू झाले. १८२९ साली अवधचे मंत्री नवाब इतिमादुद्दौला फजलअली खान यांनी त्याला १ लाख ७० हजार रुपयांची देणगी दिली. सरकारचा पैसा आणि एका देशी अमीराचा दानधर्म, अशा दोन हातांनी ही संस्था उभी राहिली.

आरंभी तेथे अरबी, फारसी व संस्कृत शिकवीत. १८२८ साली इंग्रजीचा वर्ग निघाला, आणि तेव्हापासून कॉलेजात दोन शाखा नांदू लागल्या: एक इंग्रजी, दुसरी पौर्वात्य. इंग्रजीच्या वर्गाकडे शहर संशयाने पाहत असे. इंग्रजी शिकलेला मुलगा धर्म सोडील, ही भीती हिंदू आणि मुसलमान दोघांच्याही घरांत होती. पुढे नामवंत झालेले नझीर अहमद यांच्या वडिलांनी, मुलाने इंग्रजी शिकण्यापेक्षा त्याचे मरण पत्करेन, अशा अर्थाचे उद्गार काढल्याचे प्रसिद्ध आहे. नझीर अहमद म्हणूनच पौर्वात्य शाखेत दाखल झाले. त्यांना त्या शाखेत जे मिळाले, ते मात्र त्यांच्या वडिलांनी कल्पिलेले नव्हते.

दरम्यान १८३५ साल उजाडले. मेकॉलेचे टिपण आणि गव्हर्नर जनरल बेंटिंक यांचा ठराव यांनी सरकारी पैशाचा ओघ इंग्रजी शिक्षणाकडे वळवला. पौर्वात्य शाखेत नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या बंद करण्याचे ठरले. गरीब घरच्या मुलाला शिष्यवृत्ती म्हणजे केवळ बक्षीस नव्हे. ती त्याच्या जेवणाची सोय असते. साहजिकच त्या शाखेला ओहोटी लागली. १८३९ साली लॉर्ड ऑकलंड यांनी धोरण काहीसे सौम्य केले, जुन्या संस्थांचे अनुदान पुन्हा सुस्थिर झाले, आणि दिल्ली कॉलेजला श्वास घेण्यास अवकाश मिळाला.

त्या अवकाशाचे सोने केले ते १८४१ साली प्राचार्य म्हणून आलेल्या फेलिक्स बुत्रो या फ्रेंच गृहस्थाने. त्याने पाहिले की, इंग्रजी शाखेतील मुले नवे विषय शिकतात, परंतु त्यांतील बहुतेकांची शक्ती परकी भाषा आत्मसात करण्यातच खर्च होते. पौर्वात्य शाखेतील मुले बुद्धीने तयार झालेली आहेत, तर्क आणि व्याकरण यांत त्यांची बैठक पक्की आहे, परंतु गेल्या दोन-तीन शतकांत जगात काय घडले याचा त्यांना पत्ता नाही. ही दरी बुजवायची तर नवे ज्ञान उर्दूत आणले पाहिजे, कारण दिल्लीच्या हिंदू-मुसलमान सुशिक्षितांची ती समाईक भाषा होती. परंतु उर्दूत पुस्तके नव्हती. उर्दूत गझल होती, मसनवी होती, दास्तान होती. भूमितीचे वा अर्थशास्त्राचे पुस्तक नव्हते. तेव्हा पुस्तकेच तयार करण्यासाठी एक अनुवाद-मंडळ स्थापन झाले. कॉलेजातील शिक्षक आणि वरच्या वर्गातील विद्यार्थी अनुवाद करीत. शिळाप्रेसवर पुस्तके छापली जात. आणि तीच पुस्तके वर्गात लावली जात. काही वर्षांत या मंडळाने शंभराहून अधिक पुस्तके सिद्ध केली. त्यांत ग्रीस, रोम व इंग्लंड यांचे इतिहास होते, कायद्याची तत्त्वे होती, गणित व पदार्थविज्ञान होते, आणि संस्कृत, अरबी व फारसी ग्रंथांचे अनुवादही होते. पंडित धर्मनारायण यांनी वेलँड या अमेरिकन ग्रंथकाराचे अर्थशास्त्रावरील पुस्तक उर्दूत आणले.

हे काम वाटते तितके सोपे नव्हते. शास्त्रीय संज्ञेला प्रतिशब्द कोठून आणायचा, हा पेच मराठी परिभाषाकारांना जसा पडला तसाच दिल्लीलाही पडला. मंडळाने त्यासाठी नियम केले. भाषेत रूढ शब्द असेल तर तोच वापरावा. नसेल तर परका शब्द जसाच्या तसा घेण्यास लाजू नये. आणि शब्दाला शब्द न ठेवता अर्थ उतरवावा. या नियमांत व्यवहारज्ञान होते. अरबीच्या कोशातून अवजड शब्द उकरून काढण्याचा मोह मौलवींना झाला असता, तर विद्यार्थ्याला एका परक्या भाषेऐवजी दुसरी परकी भाषा शिकावी लागली असती.

बुत्रो यांच्यानंतर १८४५ साली आलोइस श्प्रेंगर हा अरबीचा विद्वान प्राचार्य झाला. त्याच्या कारकिर्दीत कॉलेजातून 'किरानुस्सादैन' हे नियतकालिक निघाले. दोन शुभ ग्रहांची युती असा त्या नावाचा अर्थ. ते दोन ग्रह म्हणजे पूर्व आणि पश्चिम, हे वाचकांना सांगावे लागत नसे. याच दशकात कॉलेज अजमेरी दरवाज्याहून काश्मिरी दरवाज्याजवळच्या एका वाड्यात हलले. तो वाडा दारा शुकोहच्या ग्रंथालयाचा म्हणून ओळखला जातो. याच दारा शुकोहने १६५७ साली दिल्लीत उपनिषदांचा फारसी अनुवाद पुरा केला होता. अनुवादावर उभ्या असलेल्या कॉलेजला याहून योग्य जागा मिळाली नसती.

या कॉलेजचे मर्म कळायचे असेल, तर मास्टर रामचंद्र यांच्या वर्गाकडे पाहावे. रामचंद्र १८२१ साली पानिपतला एका कायस्थ घरात जन्मले. लहानपणीच वडील वारले. आईने हलाखीत मुलांना वाढवले. १८३३ साली ते दिल्लीच्या इंग्रजी शाळेत दाखल झाले, आणि १८४४ साली कॉलेजच्या पौर्वात्य शाखेत युरोपीय शास्त्रांचे शिक्षक झाले. म्हणजे विद्या मिळवली इंग्रजीतून आणि दिली उर्दूतून. त्यांच्यासमोर बसलेली मुले अरबी ग्रंथांतून ग्रीकांचे जुने खगोलशास्त्र शिकत होती. त्यात पृथ्वी विश्वाच्या मध्यभागी स्थिर होती. दुसऱ्या तासाला रामचंद्र त्यांना सांगत की पृथ्वी फिरते, आणि ते कशावरून म्हणतो तेही सांगत. पुढे आपल्या आठवणीत त्यांनी नमूद केले आहे की, जुन्या मताला दोन्ही शाखांतील वरच्या वर्गातील विद्यार्थी हसू लागले, आणि शहरातील जुन्या विद्वानांना ते रुचले नाही.

हे केवळ खगोलाचे प्रकरण नव्हते. एकाच छपराखाली, एकाच दिवशी, एकाच विद्यार्थ्याला दोन परस्परविरोधी मते सांगितली जात होती, आणि ती तोलण्याची भाषा त्याची स्वतःची होती. मानव्यविद्यांचा पहिला पाठ तो हाच. इतिहासाचा विद्यार्थी दोन बखरी समोर ठेवून खरे काय ते शोधतो. तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष मांडतो. जुने ज्ञान वर्गाबाहेर ठेवून आलेल्या विद्यार्थ्याला नव्या ज्ञानाची पारख करता येत नाही. तो ते केवळ पाठ करतो. दिल्ली कॉलेजात जुने ज्ञान शेजारच्या खोलीत जिवंत होते, त्याचे जाणकार सन्मानाने वावरत होते, आणि म्हणून नव्याला आपले म्हणणे सिद्ध करून दाखवावे लागत होते.

रामचंद्रांनी हीच दृष्टी आपल्या गणितातही ठेवली. १८५० साली त्यांनी महत्तम आणि लघुतम मूल्यांच्या उदाहरणांवर एक इंग्रजी ग्रंथ स्वतःच्या खर्चाने कलकत्त्यास छापला. जी उदाहरणे युरोपात कलनशास्त्राने सोडवीत, ती त्यांनी निव्वळ बीजगणिताने सोडवली होती. कारण भास्कराचार्यांच्या परंपरेमुळे बीजगणित हे या देशाच्या बुद्धीला परिचित आहे, त्या वाटेने गेल्यास विद्यार्थी नव्या गणितापर्यंत सहज पोचेल, असे त्यांचे म्हणणे होते. कलकत्त्याच्या काही टीकाकारांनी त्या ग्रंथाची उपेक्षा केली. परंतु लंडनचे नामांकित गणिती डी मॉर्गन यांना त्यातील कल्पना पटली आणि त्यांनी १८५९ साली तो ग्रंथ लंडनमध्ये पुन्हा प्रसिद्ध करविला. दरम्यान रामचंद्रांनी 'फवाइदुन्नाझिरीन' आणि 'मुहिब्बे हिंद' ही नियतकालिके काढून इतिहास, शास्त्र आणि समाज या विषयांवर सोप्या उर्दूत निबंध लिहिले. उर्दू निबंधाच्या आरंभीच्या लेखकांत त्यांची गणना होते.

या चित्राला दुसरी बाजू होतीच. कॉलेजची दारे मुख्यतः शहरातील पांढरपेशांच्या मुलांना उघडी होती. मुलींचा तेथे प्रश्नच नव्हता. १८५२ साली रामचंद्रांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा शहरात मोठी खळबळ उडाली आणि इंग्रजी विद्येविषयीचा जुना संशय खरा ठरला, असे अनेकांना वाटले. जुन्या विद्वत्तेचा मान आणि नव्या कचेरीचा शिष्टाचार यांचाही मेळ बसत नव्हता. १८४२ साली फारसीच्या अध्यापकाची जागा भरायची होती. सरकारचे सेक्रेटरी थॉमसन यांनी मिर्झा गालिब यांना बोलावले. गालिब पालखीतून गेले आणि नेहमीच्या रिवाजाप्रमाणे साहेब सामोरे येतील म्हणून दाराशी थांबले. दरबारात पाहुणा म्हणून येता तेव्हाचा मान वेगळा, नोकरीसाठी येता तेव्हाचा वेगळा, असे साहेबांनी सांगितले. मान वाढावा म्हणून नोकरी धरायची, तो कमी होणार असेल तर ती नको, अशा अर्थाचे उत्तर देऊन गालिब परतले. ही आख्यायिका मुहम्मद हुसेन आझाद यांनी लिहून ठेवली आहे. ती जागा पुढे इमाम बख्श सहबाई यांना मिळाली. गालिबांचे पुढचे चरित्रकार हाली हे तरुणपणी शिकण्यासाठी दिल्लीस येऊन राहिले होते. परंतु ज्या मंडळींत ते वावरत, त्यांच्या लेखी कॉलेज हे विद्येचे स्थानच नव्हते, म्हणून त्यांनी ते डोळ्यांनीही पाहिले नाही. एकाच शहरात दोन जगे नांदत होती. कॉलेज हा त्यांच्यामधला पूल होता, पण पुलावरून जाणारे थोडे होते.

त्याच सुमारास महाराष्ट्रातही हाच प्रश्न वेगळ्या रूपाने उभा होता. १८२१ साली पुण्याच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. मुंबईस बाळशास्त्री जांभेकर एल्फिन्स्टन संस्थेत शिकवीत, १८३२ साली निघालेल्या 'दर्पण'मध्ये मराठी व इंग्रजी मजकूर शेजारीशेजारी छापीत, आणि १८४० पासून 'दिग्दर्शन' मासिकातून मराठी वाचकाला भूगोल, इतिहास व शास्त्रे समजावून देत. रामचंद्र आणि जांभेकर यांच्यात वयाचे अंतर नऊच वर्षांचे. दोघांची तळमळ एकच. १८४७ साली मुंबईच्या शिक्षणमंडळात मोठा वाद झाला. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांना वरचे शिक्षण इंग्रजीतूनच हवे होते. कर्नल जर्विस आणि नाना शंकरशेट यांनी देशी भाषांची बाजू मांडली. थोड्यांना इंग्रजीतून उत्तम शिकवावे की पुष्कळांना स्वभाषेतून शिकवावे, असे त्या वादाचे स्वरूप होते. व्यवहारात पेरी यांचा पक्ष वरचढ ठरला. तरी अनुवादाचे काम थांबले नाही. कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी 'साक्रेतीसाचे चरित्र' मराठीत आणले, ते याच काळात. दिल्लीत उर्दूमधून आणि पुण्या-मुंबईत मराठीतून, ग्रीक तत्त्वज्ञ एकाच पिढीत हिंदुस्थानी घरांत शिरत होते.

११ मे १८५७ रोजी मीरतहून आलेले शिपाई दिल्लीत शिरले. कॉलेज लुटले गेले. ग्रंथालयाची धूळधाण झाली. प्राचार्य फ्रान्सिस टेलर यांनी आपल्या ओळखीच्या मौलवी मुहम्मद बाकर यांच्या घरी आसरा घेतला. परंतु बाहेर पडताच जमावाने त्यांना ठार केले. सप्टेंबरात इंग्रजांनी शहर परत घेतले, तेव्हा सूडाची पाळी दुसऱ्या बाजूची होती. मौलवी बाकर यांना देहान्त शिक्षा झाली. फारसीचे अध्यापक सहबाई यांना त्यांच्या मुलांसह यमुनेकाठी गोळ्या घालण्यात आल्या. सय्यद अहमद खान यांच्या दिल्लीच्या वास्तूंवरील ग्रंथाला ज्या पंडिताचे साह्य झाले होते, तो हाच. प्राचार्याला एका बाजूने मारले, अध्यापकाला दुसऱ्या बाजूने. दोन ग्रहांची युती म्हणून जिचा गौरव झाला होता, तिचा असा शेवट झाला.

आणि नेमक्या त्याच वर्षी कलकत्ता, मुंबई व मद्रास ही तीन विद्यापीठे स्थापन झाली. मुंबई विद्यापीठाचा कायदा १८ जुलै १८५७ चा. त्या दिवशी दिल्लीला वेढा पडलेला होता. नव्या विद्यापीठांनी देशाला पुष्कळ दिले. रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसे मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांतून निघाली. परंतु विद्यापीठाचा वर्ग इंग्रजीत भरू लागला, आणि घरची भाषा वर्गाच्या उंबरठ्यावर थांबली. मुंबईच्या वरच्या परीक्षांतून मराठी वगळली गेली. ती परत यावी म्हणून रानड्यांना आयुष्याच्या अखेरपर्यंत खटपट करावी लागली. दिल्ली कॉलेज १८६४ साली पुन्हा उघडले, पण ते आता कलकत्ता विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाला जोडलेले होते. १८७७ साली तेही बंद करून त्याचे वर्ग लाहोरला हलवले गेले.

संस्था गेली, तिने घडवलेली माणसे मात्र उरली. मुहम्मद हुसेन आझाद हे मौलवी बाकर यांचे चिरंजीव. वडिलांच्या मृत्यूनंतर ते परागंदा झाले, पुढे लाहोरात स्थिरावले, आणि १८८० साली 'आबे हयात' लिहून त्यांनी उर्दू कवितेच्या इतिहासाचा पाया घातला. झकाउल्ला यांनी शिकवता शिकवता गणित व इतिहास यांवर पुस्तकांमागून पुस्तके लिहिली; त्यांचे चरित्र १९२९ साली दीनबंधू अँड्र्यूज यांनी लिहिले. वडिलांनी ज्यांना इंग्रजीपासून दूर ठेवले ते नझीर अहमद पुढे स्वतः इंग्रजी शिकले, भारतीय दंडसंहितेच्या उर्दू अनुवादात त्यांनी मोठा वाटा उचलला, आणि १८६९ साली आपल्या मुलींना वाचायला पुस्तक हवे म्हणून 'मिरातुल उरूस' ही कादंबरी प्रसिद्ध केली. ज्या कॉलेजात मुलींना प्रवेश नव्हता, त्याची विद्या अशा रीतीने माजघरापर्यंत पोचली. हे तिघेही पौर्वात्य शाखेचे विद्यार्थी होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. नवे ज्ञान त्यांना स्वभाषेत मिळाले, म्हणून ते त्यांना स्वभाषेत पुढे देता आले.

दिल्लीत त्यानंतर १८८१ साली सेंट स्टीफन्स, १८९९ साली हिंदू कॉलेज आणि १९२२ साली दिल्ली विद्यापीठ निघाले. उर्दूतून उच्च शिक्षणाची कल्पना मात्र दूर दक्षिणेत पुन्हा उगवली. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. त्याच्या अनुवादखात्याचे पहिले प्रमुख मौलवी अब्दुल हक पुष्कळ वर्षे औरंगाबादेत राहिले. त्यांनीच दिल्ली कॉलेजचा इतिहास लिहिला आणि त्याला नाव दिले, 'मरहूम देहली कॉलेज'. गाझीउद्दीनच्या मदरशातली परंपरा अशा रीतीने त्याच्याच वंशजांच्या राज्यात पोचली. पण या पुनर्जन्मात एक विसंगती होती. दिल्लीच्या मुलाला उर्दू ही घरची भाषा होती; मराठवाड्यातील मराठी, तेलंगणातील तेलुगू आणि कर्नाटकी भागातील कन्नड मुलाला ती तशी नव्हती. देशी भाषा म्हणजे प्रत्येकाची स्वभाषा नव्हे, हा धडा मराठवाड्याच्या एका पिढीने शाळेच्या बाकावर बसून शिकला.

स्वातंत्र्यानंतर राधाकृष्णन आयोगाने १९४९ च्या अहवालात दोन शिफारशी केल्या: पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला सर्वसामान्य उदार शिक्षण मिळावे, आणि उच्च शिक्षण प्रादेशिक भाषांतून व्हावे. दिल्ली विद्यापीठाचेच प्राध्यापक दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९६६ साली भाषेची शिफारस पुन्हा केली. १९६२ साली, 'मेघदूता'चा मराठीत समश्लोकी अनुवाद करणारे चिंतामणराव देशमुख कुलगुरू झाले, त्याच वर्षी दिल्ली विद्यापीठाने पत्रद्वारा बी. ए.चा अभ्यासक्रम सुरू केला, आणि दिवसा नोकरी करणाऱ्या कारकुनालाही इतिहास-साहित्याचा पहिला वर्ग खुला झाला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मातृभाषा आणि बहुविध विषयांचा अभ्यास यांचा पुन्हा उच्चार आहे, आणि २०२२ पासून दिल्ली विद्यापीठात चार वर्षांचा अभ्यासक्रम आला आहे.

धोरणे येतात आणि जातात. शंकेचे उत्तर मात्र वर्गातच मिळावे लागते. दिल्ली कॉलेजाचा अनुभव सांगतो की, नुसते माध्यम बदलून काम भागत नाही. इंग्रजी शाखेत शिकलेला रामचंद्र उर्दूत शिकवायला तयार झाला, धर्मनारायणासारख्यांनी रात्री बसून पुस्तके अनुवादित केली, बुत्रोसारख्या परदेशी माणसाने त्यांना पाठबळ दिले, तेव्हा तो वर्ग उभा राहिला. दोन्ही भाषा आणि दोन्ही विद्या जाणणारा शिक्षक, आणि वर्गाच्या भाषेत लिहिलेले चांगले पुस्तक, या दोन गोष्टी नसतील तर स्वभाषेतील शिक्षण दुय्यम प्रतीचे ठरते, आणि पालक मुलाला तेथून काढून घेतात. त्यांना दोष देता येत नाही. इंग्रजीचा द्वेषही त्या कॉलेजने शिकवला नाही. नझीर अहमद इंग्रजी नंतर शिकले आणि उत्तम शिकले. आधी स्वभाषेत विचार करायला शिकलेल्या माणसाला दुसरी भाषा ओझे होत नाही, एवढेच त्यांच्या उदाहरणाने दिसते.

दिल्ली कॉलेजचे नाव १९७५ साली डॉ. झाकिर हुसेन यांच्या स्मरणार्थ बदलले गेले, पुढे कॉलेज जवाहरलाल नेहरू मार्गावरील नव्या इमारतीत गेले, आणि दिल्ली विद्यापीठाचे एक महाविद्यालय म्हणून ते आजही चालू आहे. अजमेरी दरवाज्याबाहेरच्या जुन्या चौकात शाळेची घंटा वाजते. काश्मिरी दरवाज्याजवळच्या दारा शुकोहच्या ग्रंथालयात २०२३ साली फाळणीचे संग्रहालय उघडले. ज्या दालनांत एकेकाळी हिंदू पंडित आणि मुसलमान मौलवी एकाच पुस्तकाच्या अनुवादावर काम करीत, तेथे आता दुभंगलेल्या घरांच्या वस्तू मांडलेल्या आहेत. त्या वाड्यापासून दिल्ली विद्यापीठ फार दूर नाही. तेथे या वर्षीही कलाशाखेचे पहिले वर्ग भरतील, आणि बिहारच्या वा विदर्भाच्या एखाद्या गावाहून आलेला विद्यार्थी इतिहासाच्या पहिल्या तासाला मागच्या बाकावर बसून, आपल्याला हे समजेल का, अशी शंका मनात घेऊन ऐकत असेल. मास्टर रामचंद्रांसमोर बसणारी मुलेही अशीच शंका घेऊन आली होती. त्यांना उत्तर मिळाले, कारण त्यांच्या शिक्षकाने प्रथम त्यांच्या भाषेत त्यांना प्रश्न विचारला होता.